‘चालत नाहीये’पासून पहिल्या पीआरपर्यंत : छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या नव्या मेंटेनरसाठी

रात्री साडेअकराला माझ्या रिपोवर (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या जागेवर) एक इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, पडला. शीर्षक : ‘चालत नाहीये’. आत मजकूर : ‘दोन दिवसांत अंक छापायला जायचाय. लवकर बघा.’ बस्स. कुठलं व्हर्जन, कुठला फॉण्ट, काय केल्यावर काय झालं, कशाचा पत्ता नाही.

प्रोजेक्ट म्हणजे जुन्या डीटीपी फॉण्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, आणणारा एक छोटा पायथन कन्व्हर्टर. मामांच्या कपाटातल्या सीडींवर जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली होत्या, त्या उघडता याव्यात एवढ्यासाठी लिहिलेला. गिटहबवर टाकला आणि विसरून गेलो. वर्षभराने बघतो तर त्रेचाळीस इश्यू उघडे, आणि मी एकटा.

तुमच्याही एखाद्या रिपोवर अशी गर्दी जमायला लागली असेल, किंवा कोणीतरी ‘आता तू बघ’ म्हणून किल्ल्या तुमच्या हातात ठेवल्या असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. बग-रिपोर्ट निस्तरणं आणि नवी माणसं जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून मी पहिलं वर्ष घालवलं. एकीकडे इश्यू साचत होते, दुसरीकडे मी ‘कॉन्ट्रिब्युटर हवेत’ अशा पोस्टी टाकत होतो. आणि जी माणसं आपणहून दारात येऊन उभी होती, त्यांना मी ‘माहिती अपुरी आहे’ म्हणून परत पाठवत होतो.

दार एकच ठेवा

सुरुवातीला तक्रारी कुठूनही येतात. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा तिरका फोटो, मेलवर फाइल, लग्नाच्या पंगतीत ‘अरे, ते तुझं बिघडलंय बघ’. पहिलं काम हे, की सगळं एका यादीत आणायचं. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग, काहीही असो, यादी एक हवी आणि ती सगळ्यांना दिसायला हवी.

इथे एक चूक हमखास होते. फोनवर तक्रार करणाऱ्याला आपण सांगतो, ‘गिटहबवर इश्यू टाका ना.’ प्रेसमध्ये बसलेल्या माणसाकडे अकाउंट नसतं, आणि तो ते काढतही नाही. तो फक्त पुन्हा फोन करत नाही. अशा वेळी इश्यू आपणच लिहायचा, त्यांच्या शब्दांत. त्यांचं नाव-नंबर न टाकता. मग लिंक त्यांना पाठवायची : ‘तुमचं इथे नोंदवलंय.’ दोन मिनिटांचं काम आहे. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या अवाढव्य प्रोजेक्टची बग-यादी १९९० च्या दशकापासून ईमेलवर चालते. अकाउंट काढायची भानगडच नाही, ठरावीक पत्त्यावर मेल पाठवली की बगला नंबर मिळतो.

दोन गोष्टी मात्र या यादीत नकोत. ‘हे कसं वापरायचं?’ असे प्रश्न गिटहबच्या डिस्कशन्समध्ये जाऊ द्या. आणि सुरक्षेशी संबंधित दोष चारचौघांत नको. त्यासाठी रिपोच्या सेटिंगमध्ये खाजगी रिपोर्टिंगची सोय चालू करता येते, आणि कुठे कळवायचं ते ‘सिक्युरिटी’ नावाच्या फाइलीत चार ओळींत लिहून ठेवता येतं. आजच करून टाका. गरज पडेल त्या दिवशी सुचत नाही.

फॉर्म छोटा, पण नेमका

माझ्या पहिल्या टेम्प्लेटमध्ये चौदा प्रश्न होते. ऑपरेटिंग सिस्टिम, रॅम, पायथनचं व्हर्जन, लोकेल, काय नि काय. लोक प्रत्येक रकान्यात एक टिंब टाकून पुढे जायचे. आता पाचच आहेत :

काय केलं? काय व्हायला हवं होतं? काय झालं? कन्व्हर्टरचं व्हर्जन कुठलं? ज्या फाइलीत असं होतं तिचं एक पान जोडाल का?

गिटहबवर हे इश्यू फॉर्म म्हणून करता येतं. रिपोमधल्या डॉट-गिटहब फोल्डरात इश्यू टेम्प्लेटचं फोल्डर करायचं आणि त्यात रकान्यांची यादी लिहिलेली यामल फाइल ठेवायची. कुठला रकाना सक्तीचा तेही तिथेच ठरतं. मी सक्तीचे दोनच ठेवलेत, ‘काय झालं’ आणि ‘एक पान’. ‘काय व्हायला हवं होतं’ हा प्रश्न बावळट वाटतो, पण निम्मे गैरसमज तिथेच उघडे पडतात. बऱ्याचदा कन्व्हर्टरने बरोबरच केलेलं असतं, फक्त वापरणाऱ्याला वेगळं हवं असतं.

मराठीत रिपोर्ट घ्यायचे की इंग्रजीत? माझं मत स्पष्ट आहे : माणूस ज्या भाषेत नीट सांगू शकतो त्या भाषेत. मोडक्या इंग्रजीतल्या तीन ओळींपेक्षा मराठीतला एक परिच्छेद शंभर पटीने उपयोगी असतो. फक्त शीर्षकापुढे मी स्वतः एक इंग्रजी ओळ जोडतो. देवनागरीचे बग हिंदीवाल्यांना आणि नेपाळीवाल्यांनाही छळतात, त्यांना शोधताना ते सापडायला हवेत.

‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’

साडेअकराच्या त्या इश्यूवर परत येतो. मी सकाळी विचारलं, नक्की काय होतंय? उत्तर म्हणून फोटो आला. छापलेल्या प्रूफचा, पेनने गोल केलेला. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असं हवं होतं तिथे ‘सह्याद्रीच्या दर्या’ आलं होतं. सह्याद्रीत समुद्र.

मी त्याच शब्दावर कन्व्हर्टर चालवला. माझ्या स्क्रीनवर ‘दऱ्या’ स्वच्छ दिसत होतं. मी लिहिलं, ‘माझ्याकडे बरोबर येतंय,’ आणि इश्यू बंद केला. दहा मिनिटांत खाली ओळ आली : ‘तुमच्याकडे बरोबर दिसलं म्हणजे आमच्या अंकात बरोबर छापलं का?’

लिहिणारे काका तीस वर्षं डीटीपी करत होते आणि हे अकाउंट त्यांच्या मुलीने काढून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त लाज वाटली. आठ दिवसांनी इश्यू पुन्हा उघडला आणि या वेळी प्रश्न बदलला. ‘काय चुकलं’ न विचारता विचारलं : फाइल उघडल्यापासून प्रूफ निघेपर्यंत तुम्ही काय काय करता, एकेक सांगा. तिसऱ्या पायरीला उत्तर सापडलं. कन्व्हर्ट झालेला मजकूर ते आधी अंकाच्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये चिकटवत होते, आणि तिथून उचलून छपाईच्या पानात घेत होते.

आता आतली गंमत बघा. ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. माझा कन्व्हर्टर दुसरा प्रकार वापरत होता. ती वेबसाइट मात्र अदृश्य चिन्हं कचरा समजून गाळून टाकत होती. जोडक गेला की उरतं र, हलन्त, य. आणि त्याचा होतो रफार. दऱ्यांचा दर्या झाला तो असा, माझ्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरच्या मधल्या वाटेवर. युनिकोडने हा र लिहिण्यासाठी मुळात पहिलाच मार्ग सांगितलाय. दुसरा जुन्या मजकुराच्या सोयीसाठी ठेवलेला आहे. दुरुस्ती एका ओळीची होती. शोधायला नऊ दिवस लागले, आणि त्यातले आठ माझ्या ‘बरोबर दिसतंय’मुळे गेले. ते दोन दिवसांत छापायला जाणार होतं ना? काकांनी अंकातले सगळे अर्धे र हाताने सुधारले होते.

यातून मी दोन सवयी लावून घेतल्या. बग आपल्याकडे दिसला नाही, तर लेबल ‘माहिती हवी’ हे, ‘बंद’ हे नाही. आणि भाषेच्या बगला फोटो व मजकूर दोन्ही मागायचे. फोटोत दिसतं वाचणाऱ्याला काय दिसलं, मजकुरात दिसतं आत काय होतं.

चाळणी : आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी

रोज थोडं थोडं करू म्हटलं की रोज थोडा थोडा अपराधीपणा येतो. मी रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा ठेवलेत. त्या वेळात बग सोडवत नाही, फक्त चाळतो. नवा इश्यू वाचायचा, उत्तर द्यायचं, लेबल लावायचं, पुढचा. पहिलं उत्तर म्हणजे उपाय असायला हवा असं नाही. ‘वाचलं. माझ्याकडेही असंच होतंय. या महिन्यात हात लागेल असं वाटत नाही’ एवढं प्रामाणिक वाक्य पुरतं. लोकांना उशिराचा राग कमी येतो, शांततेचा जास्त.

लेबलांचा मोह टाळा. माझ्याकडे एके काळी सत्तावीस होती, रंगीबेरंगी. आता सहा : बग, सुधारणा, माहिती हवी, पक्कं झालं, मजकूर बिघडतो, नवख्यांसाठी. डेबियनमध्ये बगच्या गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत, कारण वरच्या तीन पायऱ्यांतले बग थेट रिलीज अडवतात. तिथे ती गरज आहे. आपल्यासारख्यांना एकच रेघ पुरते, मजकूर गुपचूप बिघडतोय का? प्रोग्रॅम धाडकन बंद पडला तर वापरणाऱ्याला कळतं तरी. ‘दर्या’ छापून येतो तेव्हा कळेपर्यंत अंक स्टॉलवर गेलेला असतो.

बग पक्का करताना फाइल लहान करत जा. ऐंशी पानांच्या अंकात कुठेतरी कन्व्हर्टर अडकतो. अर्धी पानं काढा, अजून अडकतो का? नसेल तर दुसरा अर्धा भाग घ्या. पुन्हा अर्धा. सातेक फेऱ्यांत एका पानावर येता, मग ओळीवर, मग शब्दावर. हीच युक्ती कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये काळाच्या दिशेने वापरता येते, तिचं नाव बायसेक्ट. मागच्या वर्षी चालत होतं आणि आज चालत नाही, मधे हजार कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत. गिटला एक चांगला आणि एक वाईट कमिट सांगितला की ते मधला काढून देतं. तुम्ही तपासून ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं. दहा तपासण्यांत गुन्हेगार कमिट हातात. बऱ्याचदा तो आपलाच असतो, तेही रात्री दीडचा.

तेच ते रिपोर्ट पुन्हा येतील. ‘आधी शोधून बघायचं होतं’ असं लिहू नका. ज्याला बगचं नाव माहीत नाही तो शोधणार काय? जुन्या इश्यूची लिंक द्या, आणि नव्यात काही वेगळं असेल तर ते जुन्यात नेऊन टाका, मग बंद करा. दऱ्यांच्या बगचे एकूण पाच रिपोर्ट आले होते. त्यातला एक शोधाबद्दलचा होता, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द फाइलीत दिसतो पण शोधला की सापडत नाही. कारण तेच, दिसायला एक आणि आत वेगळं.

‘माहिती हवी’ लावून महिनाभर उत्तर नाही आलं तर मी बंद करतो, ‘कधीही परत उघडा’ असं लिहून, स्वतःच्या हाताने. हे काम बॉटला द्यायची पद्धत आहे. मीही तीन महिने दिलं होतं. त्याने एका शिक्षिकेचा अतिशय नीट लिहिलेला रिपोर्ट बंद केला. त्यात तिच्याकडून काहीच यायचं बाकी नव्हतं, उत्तर माझं बाकी होतं. बॉट काढून टाकला.

नाही म्हणायचं असेल तर पहिल्या आठवड्यात म्हणा. एकाला कन्व्हर्टरमध्ये स्कॅन केलेल्या पानांवरून अक्षरं ओळखण्याची सोय हवी होती. कल्पना छान, पण तो वेगळाच प्रोजेक्ट आहे. मी संकोचाने ‘बघूया’ म्हटलं. त्याने नऊशे ओळी लिहून आणल्या. तेव्हा नाही म्हणावं लागलं, आणि ते दोघांच्याही जिवावर आलं.

अलीकडचा एक उपद्रवही सांगून ठेवतो. एआयकडून लिहून घेतलेले, ऐटबाज भाषेतले, पण मुळात नसलेल्या बगचे रिपोर्ट येतात. कर्ल हा इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रोजेक्ट सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच याविषयी जाहीरपणे वैतागून लिहिलं होतं. मी वाद घालत नाही. ‘ज्या फाइलीत असं होतं ती जोडा’ एवढं लिहितो. खरा माणूस फाइल जोडतो.

तक्रार करणाऱ्याला काम द्या

दऱ्यांचा बग सुटल्यावर मी काकांना लिहिलं : ‘असे अजून कुठले शब्द तुम्हाला छळतात?’ चार दिवसांनी फाइल आली. तीनशे चाळीस शब्द. तऱ्हा, वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, कैऱ्या, पायऱ्या, दुसऱ्याला, ऱ्हास, ऱ्हस्व. आणि शेजारी मुद्दाम फसवे शब्द : सूर्य, कार्य, पर्याय, धैर्य. सगळ्यात वर आचाऱ्यांना आणि आचार्यांना, लग्नातले स्वयंपाकी आणि शाळेतले गुरुजी. एका जुन्या अंकात ही अदलाबदल झाली होती म्हणे, आणि गुरुजी प्रेसमध्ये आले होते.

ती फाइल आज आमची सगळ्यात महत्त्वाची टेस्ट आहे. कोडमधली एकही ओळ बदलली की आधी हे तीनशे चाळीस शब्द कन्व्हर्ट होऊन तपासले जातात. काकांना गिट येत नाही, यायची गरजही नाही. कमिट मी केला, पण त्यांची परवानगी घेऊन संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ घातली. गिटहब मग दोघांनाही लेखक म्हणून दाखवतं. लिनक्स कर्नलमध्ये बग कळवणाऱ्याचं नाव ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून दुरुस्तीच्या कमिटमध्येच घालतात. ते इतिहासात कायमचं राहतं.

तेव्हा कॉन्ट्रिब्युटर म्हणजे कोड लिहिणारा, ही समजूत आधी स्वतःच्या डोक्यातून काढा. नमुना फाइली देणारा, रीडमीतली (रिपोच्या माहितीपत्रकातली) चूक दाखवणारा, दुसऱ्याच्या इश्यूवर ‘माझ्याकडेही होतंय, विंडोजवर’ असं लिहिणारा, हे सगळे त्यात आले. रिपोर्ट चांगला असेल तर बंद करताना एक विशिष्ट प्रश्न विचारा. ‘मदत कराल का?’ हा प्रश्न नव्हे. त्याला सगळे हो म्हणतात आणि कोणी काही करत नाही. ‘तुमच्याकडे अशा फॉण्टची अजून एक फाइल आहे का?’ हा प्रश्न.

उंबरठा स्वतः ओलांडून बघा, दुसऱ्याच्या पायांनी

कोड लिहिणारी माणसं हवी असतील तर आधी तुमचा प्रोजेक्ट कोऱ्या मशीनवर उभा राहतो का ते तपासा. मी माझ्या भाचीला बसवलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिचा विंडोजचा लॅपटॉप. अट एकच, मी तोंड उघडायचं नाही. ती रीडमी वाचून करत गेली आणि मी मागे बसून ओठ चावत होतो. पंधरा मिनिटांचा सेटअप एक तास चाळीस मिनिटं चालला.

एक पायरी मी लिहिलीच नव्हती, कारण माझ्या मशीनवर ती केव्हाच झालेली होती. दुसरी चुकीची होती. तिसरी सगळ्यात मजेदार : मराठी मजकुराच्या या कन्व्हर्टरने मराठी मजकूर असलेली टेस्ट फाइल उघडायलाच नकार दिला. कोडमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या लिनक्सवर ते आपोआप धरलं जात होतं, तिच्या विंडोजवर दुसरंच काही. म्हणजे मधल्या काळात विंडोजवरचे जे कोणी मदतीला आले असतील ते इथूनच परत गेले असणार, आणि मला त्याचा पत्ताही नाही. ‘मामा, हे कोणी वापरतं तरी का?’ असं ती शेवटी म्हणाली.

कॉन्ट्रिब्युटिंगची फाइल त्यानंतर लिहिली, दीड पानाची. सेटअप कसा करायचा, टेस्ट कशा चालवायच्या, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) पाठवल्यावर किती दिवसांत उत्तर येईल. एवढंच. लांबलचक आचारसंहिता दुसरीकडून उचलून चिकटवण्यापेक्षा ‘इथे कोणी उद्धटपणा केला तर मला या पत्त्यावर कळवा, मी बघेन’ हे वाक्य लिहा आणि खरंच बघा. लायसन्सची फाइल नसेल तर आज टाका. कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो ओपन सोर्स झाला असं होत नाही. लायसन्सशिवाय दुसऱ्याला तो वापरायचा हक्कच मिळत नाही.

‘नवख्यांसाठी’ लिहिलेला इश्यू

गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावलं की नवी माणसं ते शोधत येतात. पण नुसतं लेबल लावून भागत नाही. माझा पहिला असा इश्यू होता : ‘आकड्यांचा घोळ सुधारा’. तो सात महिने पडून होता. मग असा लिहिला :

> जुन्या फॉण्टमधले पानांचे आकडे कधी १२ असे येतात, कधी इंग्रजी अंकांत. सगळे देवनागरीत यायला हवेत. बदल ‘अंक’ नावाच्या फाइलीतल्या तक्त्यात करायचा आहे. तिथे ० ते ५ आहेत, ६ ते ९ नाहीत. टेस्ट चालवायची आज्ञा कॉन्ट्रिब्युटिंगमध्ये आहे; तिथे ‘पान क्रमांक’ नावाची टेस्ट आत्ता नापास होते, ती पास झाली की काम झालं. पायथन थोडं येत असलं तरी पुरे. साधारण एक संध्याकाळ. अडलात तर इथेच विचारा, रविवारी नक्की उत्तर मिळेल.

दोन दिवसांत पीआर आला. खरं सांगायचं तर एवढं लिहायला लागलेल्या वेळात मी तो तक्ता स्वतः तीनदा भरला असता. तो मोह आवरायचा, हेच यातलं अवघड काम. सोपे बग हे तुमचं बियाणं आहे, ते खाऊन टाकू नका.

लेबल लावलं की दुसरी लाट येते : ‘सर, प्लीज असाइन मी’. एका इश्यूवर अकरा जण. बहुतेक कॉलेजची मुलं, आणि त्यांची चेष्टा करू नये. कोणीतरी त्यांना असंच करायला सांगितलेलं असतं. मी असाइन करणं बंद केलंय. कॉन्ट्रिब्युटिंगमध्ये लिहिलंय, विचारू नका, कच्चा का होईना ड्राफ्ट पीआर उघडा. जो पहिला उघडेल त्याचा इश्यू, आणि दहा दिवस हालचाल नसेल तर पुन्हा सगळ्यांना मोकळा. अकरातले दोघे ड्राफ्ट उघडतात. तेच हवे असतात.

पीआरच्या आकड्यांमागे मात्र धावू नका. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरभर चालणारा उपक्रम २०१४ पासून आहे. ठरावीक पीआर केले की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी कुणाच्याही रीडमीत एखादं विशेषण घुसवून इतके फालतू पीआर पाठवले, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रोजेक्टने स्वतः होकार दिलाय तिथलेच पीआर मोजायचे. गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्सच्या कामाला जोडणारा गूगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि तिथून चांगली माणसं मिळतात, पण मेंटेनरचेही त्यात आठवड्याचे कित्येक तास जातात. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिला पीआर आला. आता?

दोन दिवसांच्या आत काहीतरी लिहा. ‘पाहिला, रविवारी नीट बघतो’ चालेल. रिव्ह्यू करताना काय बदललंच पाहिजे आणि काय नुसती माझी आवड आहे, हे वेगळं सांगा. मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं, ओळीची लांबी यावर माणसाने माणसाशी बोलू नये. ते फॉरमॅटरला, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या प्रोग्रॅमला, करू द्या.

आणि मी केलं ते करू नका. एका मुलाने ठीकठाक पीआर पाठवला होता. मला रचना आवडली नाही. समजावत बसण्यापेक्षा मीच सगळं नव्याने लिहिलं, मर्ज केलं (म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलं), आणि त्याचा पीआर ‘धन्यवाद, दुसरीकडे झालं’ म्हणून बंद केला. माझी वीस मिनिटं वाचली. तो परत कधी आला नाही. आज ती फाइल काढून बघतो तर त्याची रचना माझ्यापेक्षा बरी होती.

किल्ल्या

कोणी तीन-चार वेळा आलं की त्याला थोडे अधिकार द्या. रिपो वैयक्तिक अकाउंटवर असेल तर आधी एक ऑर्गनायझेशन काढून तिथे हलवा, फुकट आहे. मग ‘ट्रायाज’ ही भूमिका देता येते. तिच्यात इश्यूंना लेबल लावता येतं, ते बंद-उघड करता येतात, पण कोडला हात लागत नाही. माझ्याकडे आज दोघांना ट्रायाज आहे आणि एकाला मर्जचा अधिकार.

कोडच्या आणि रिलीजच्या किल्ल्या मात्र सावकाश. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण प्रत्येक एकट्या मेंटेनरने वाचावं असं आहे. ‘जिया टान’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास मिळवला. थकलेल्या मूळ मेंटेनरवर दुसऱ्याच खात्यांवरून दबाव येत होता, की इतरांना अधिकार द्या, कामं किती संथ चाललीत. अधिकार मिळाले, आणि ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनांमध्ये चोरदरवाजा आला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरमुळे. एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांना खटकलं. आम्ही त्यानंतर एवढंच ठरवलं, की रिलीज करताना दोन माणसांनी बघायचं. आणि मला झेपत नसेल त्या महिन्यात रीडमीच्या वरच लिहायचं, ‘या महिन्यात उत्तरं उशिरा येतील’. थकल्यावर घेतलेले निर्णय गिटमध्ये परतवता येतात, दिलेला पासवर्ड नाही.

मागच्या रविवारी चहा घेऊन नऊला बसलो तर नवा इश्यू होता. शीर्षक : ‘चालत नाहीये’. आत एक फोटो, तिरका. मी उत्तर लिहायला घेतलं आणि खाली बघितलं तर सकाळी सातलाच काकांचं उत्तर पडलेलं होतं : ‘फोटो नको, फाइलचं एक पान पाठवा. आणि कन्व्हर्ट केल्यावर मजकूर कुठे चिकटवता ते आधी सांगा.’